कुठला लब्रतों?

व्होसिन्ये गावात रस्त्यावर उभं राहून "लब्रतों" अशी हाक मारली, तर कोणीही वळून बघत नाही. दर तीन घरांमागे एक घर लब्रतोंचं. एवढ्या लोकांच्या नावाने मारलेली हाक कोणालाच मारलेली नसते. चर्चसमोर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे. त्यावर वरपासून खालपर्यंत नीट वाचत जावं, तर मध्ये एका जागी दगड अडखळल्यासारखा होतो: लब्रतों, लब्रतों, लब्रतों. त्यात दोघे ऑग्युस्त आहेत, एकाखाली एक. कुठला कोणाचा, हे त्यांच्या आया गेल्यापासून कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

लब्रतों म्हणजे ब्रिटनीकर. ब्रिटनी या पश्चिमेकडच्या प्रांतातून आलेला माणूस. हे नाव माणूस स्वतः लावून घेत नाही, दुसरे लावतात. आणि जिथे सगळेच ब्रिटनीचे, तिथे कोणी कोणाला ब्रिटनीकर म्हणत नाही. म्हणून खुद्द ब्रिटनीच्या पश्चिम टोकाला हे आडनाव त्या मानाने विरळ आहे. दाट आहे ते पूर्वेच्या कडेने, ल्वार नदीच्या मुखापासून मायेन आणि सार्त या जिल्ह्यांमधून नॉर्मंडीपर्यंत. कोणीतरी काम शोधत आला, कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून "तो ब्रिटनीकर" म्हणालं, आणि पाच-सहाशे वर्षांपूर्वी केव्हातरी त्या बोटाचं आडनाव झालं. व्होसिन्येतल्या लब्रतोंना हे शाळेत सांगितलेलं असतं. पण आपला तो पहिला ब्रिटनीकर कोण, त्याला कोणी ठेवून घेतलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आम्ही इथलेच."

एवढ्या लब्रतोंमधून एक निवडायचा तर आडनावाचा उपयोग नाही. नावाचाही फारसा नाही, कारण थोरल्या मुलाला आजोबांचं नाव मिळतं आणि तीच सहा-सात नावं फिरत राहतात. म्हणून प्रत्येक घराला गावाने एक नाव दिलेलं आहे. ओलेमोजे, उशिराचे, तीनबदके. वरच्या मळ्यातल्या लब्रतोंचं नाव दगडलोणी, कारण त्यांच्या कोण्या पणजोबाने बाजारात विकायच्या लोण्याच्या गोळ्यात वजनाला दगड घातला होता. ही नावं गावात सगळ्यांना माहीत असतात, फक्त त्या घरातल्या माणसांना नसतात. त्यांच्यासमोर ती उच्चारायची नाहीत, हे मूल बोलायला लागलं की शिकतं. मळ्यातल्या लब्रतोंनी ट्रॅक्टर घेतले, दोन गोठे बांधले, घरातला माणूस उपमेयर झाला, तरी आपण दगडलोणी आहोत हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

या नावांची खरी गरज पडायची ती मयताचा सांगावा देताना, आणि सांगावा द्यायचं काम लेओंतिन लब्रतोंकडे होतं.

लेओंतिन ही लाकडी बूट करणाऱ्या कारागिराची विधवा. गावाबाहेर, बंद पडलेल्या पाटीच्या दगडाच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं घर होतं. ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. सांगाव्याचं काम तिच्या सासूकडून तिच्याकडे आलं होतं. कोणी गेलं की ती काळी शाल घेऊन, कुत्र्यांसाठी हातात काठी घेऊन, कुंपणांच्या मधल्या चिखलाच्या वाटांनी दारोदार फिरायची. या कामाचे नियम होते. दार बोटांच्या पेराने ठोठावायचं. उंबरा ओलांडायचा नाही. आधी नाव, मग घराचं नाव, मग दिवस आणि वेळ, मग "त्यांच्यासाठी प्रार्थना करा." घरातला माणूस डोक्यावरची टोपी काढून म्हणायचा, "ऐकलं. येतो." एवढं झालं की सांगावा पोचला. त्यानंतर कोणी नासपतीच्या दारूचा घोटभर पेला पुढे केला तर तो उभ्यानेच घ्यायचा.

आणखी एक नियम होता. ज्या घरात मयत झालं त्या घराच्या दाराला हात लावायचा नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांना ते सांगायचं कशाला, असा त्यातला विचार असावा. शिवाय त्या घराचं नाव त्यांच्या कानावर जायला नको.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या नोव्हेंबरमध्ये, एका मंगळवारी दुपारी, फादरांची घरकाम करणारी क्लारिस लेओंतिनच्या दारात आली. चर्चच्या घरात फोन होता. जिल्ह्याच्या रुग्णालयातून तिथे निरोप आला होता.

"आन्सेल्म लब्रतों गेला," क्लारिस म्हणाली. "पहाटे."

"काय सांगतेस. हर्नियाने?"

"हर्नियाने कोणी मरतं का? पण मेला खरा."

"उलालीचं काय होणार गं. त्याच्याशिवाय तिने साधी कोंबडी विकलेली नाही."

"आता विकेल. फादर म्हणाले, गुरुवारी दहाला ठेवू. ते शेजारच्या गावी गेलेत, संध्याकाळी आले की उलालीकडे जातील. तू तेवढ्यात फिरून ये."

वरच्या मळ्यातला, उपमेयर झालेला आन्सेल्म लब्रतों हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच रुग्णालयात गेला होता. सगळ्या गावाला ते माहीत होतं. तेव्हा "कुठला आन्सेल्म?" असं लेओंतिनने विचारलं नाही. विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. पुढे अनेक वर्षांनी हे सांगताना तिने नेमका हाच भाग पुन्हा पुन्हा सांगितला. "मी चुकले असते तर वेगळं होतं," ती म्हणाली. "दोघांतून एक निवडला आणि चुकीचा निवडला, असं झालं असतं तर. पण मला दोघे दिसलेच नाहीत."

निघताना तिला कुंपणाजवळ एक कुऱ्हाड दिसली. दहा-बारा दिवस ती तिथेच ओल्यात पडून होती, पात्याला गंज चढायला लागला होता. लाकडं फोडून देणारा माणूस ती टाकून गेला होता आणि पुन्हा फिरकला नव्हता. लेओंतिन पुटपुटत वाकली, कुऱ्हाड उचलून आत शेगडीजवळ टेकवून ठेवली, आणि मग फेरीला निघाली.

फेरी चांगली झाली. मोठ्या माणसाचा सांगावा द्यायला तसं सोपं जातं, दारं पटापट उघडतात.

"आन्सेल्म लब्रतों गेले."

"दगडलोणी?"

"तेच. गुरुवारी दहाला. त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

"ऐकलं. येतो. गावाचा खांबच गेला की."

पुढच्या दारात ओलेमोजेंची म्हातारी म्हणाली, "ऐकलं, येते. आमच्या पाण्याच्या वाटेवरून त्याने वीस वर्षं भांडण केलं, पण येते." मेयर घरीच होते. ते तिच्यासमोर फोनपाशी गेले आणि त्यांनी फुलवाल्याला मोठ्या पुष्पचक्राची ऑर्डर दिली, पट्टीवर काय लिहायचं ते अक्षर अक्षर सांगितलं: आन्सेल्म लब्रतों यांस, व्होसिन्ये नगरपालिकेकडून. दूध संघाच्या सचिवाने दुसऱ्या चक्राची सोय केली. कॅफेवाल्याने गुरुवारी सकाळी बंद ठेवायचं ठरवलं आणि लगेच बदललं, कारण दफनानंतर लोकांना कुठेतरी बसायला लागेल. वरच्या मळ्याचं फाटक आलं तेव्हा लेओंतिन नियमाप्रमाणे मान खाली घालून पुढे गेली.

अंधार पडायच्या आत शेजारणी ब्रिओश पाव घेऊन मळ्यावर पोचल्या. दार उलालीने उघडलं. तिच्या हातात अर्धी सोललेली कोंबडी होती.

"काय गं, सगळ्या?"

शेजारणींना वाटलं, धक्का बसलाय. एकीने तिच्या हातातली कोंबडी काढून घेतली, दुसरीने तिला खुर्चीत बसवलं.

"उलाली, आम्हाला कळलंय."

"काय कळलंय?"

"रडलीस तरी चालेल. आम्ही घरच्याच."

"कशाला रडू? अगं, कोणी मेलंय का?"

 शेवटी एकीने सांगितलं. उलाली म्हणाली, "काल दुपारी तर मी भेटून आले. पायजमा चुकीचा आणला म्हणून मला शिव्या घातल्या त्याने." मग ती उठली आणि तिने रुग्णालयाला फोन लावला. बराच वेळ गेला. अखेर कोणीतरी फोनची लांब तार ओढत खाटेपाशी नेली असावी, कारण पलीकडून खुद्द आन्सेल्मचा आवाज आला, आणि तो खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"मी मेलो? बरं. कोण कोण आलं नाही ते बघून ठेव."

त्या रात्री मळ्यावर ब्रिओश संपला, सफरचंदाच्या सायडरच्या बाटल्या उघडल्या गेल्या, आणि फादर आले तेव्हा त्यांना दारातूनच हसण्याचा आवाज आला, असं सांगतात.

तोवर उलालीचा धाकटा मुलगा रेजी मोटारसायकल काढून लेओंतिनकडे निघाला होता. तेव्हा तो पंचविशीचा असेल.

"मादाम लेओंतिन, बाबा जिवंत आहेत."

लेओंतिन इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"मग कोण मेलं?"

"तेच तुम्हाला विचारायला आलो. रुग्णालयवाले म्हणतात, व्होसिन्येचा आन्सेल्म लब्रतों मेलाय, छातीच्या विकाराने. नाव बरोबर, गाव बरोबर. फक्त तो माझा बाप नाही."

"पण दुसरा आन्सेल्म..." असं म्हणत तिने वळून बघितलं, आणि तिची नजर शेगडीजवळ टेकवलेल्या कुऱ्हाडीवर गेली.

खाणीवरचा आन्सेल्म. तो ल्वारच्या मुखाकडून, नांत शहराच्याही खालून आला होता. तिकडे लब्रतों इथल्या मायेनपेक्षा जास्त आहेत, मुंग्यांसारखे. खाण चालू असताना तो पाट्या फोडायचा. खाण बंद पडली तेव्हा बाकीचे गेले, तो पहारेकऱ्याच्या खोलीत राहिला. कोणाचे बीट उपटून दे, कोणाची चर साफ करून दे, असं करत त्याने वीसेक वर्षं काढली. छातीत दगडाची धूळ होती, त्यामुळे खोकायचा. लेओंतिनचं घर त्याला सगळ्यात जवळचं. दर हिवाळ्यात तो तिची लाकडं फोडून, साल वरच्या बाजूला येईल अशी रचून ठेवायचा, आणि ती त्याला वाडगाभर सूप द्यायची. सूप तो उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यायचा. आत ये असं ती कधी म्हणाली नाही, आणि म्हणाली नाही हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याला गावाने नाव दिलं नव्हतं. प्रत्येक लब्रतोंच्या घराला नाव होतं. याला नव्हतं, कारण त्याच्याविषयी बोलायची वेळच कोणावर येत नसे. काम असलं की लोक म्हणायचे, खाणीवर निरोप पाठवा. जणू खाणच येऊन लाकडं फोडणार होती.

"आमच्याही आवारात यायचा तो," रेजी दारातच उभा राहून म्हणाला. "मला पाटीवर कासव कोरून दिलं होतं लहानपणी. त्याचं नाव आन्सेल्म होतं हे मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," लेओंतिन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती पुन्हा फेरीला निघाली. चुकलेला सांगावा दुरुस्त केला पाहिजे, आणि खरा सांगावा दिला पाहिजे. एकाच फेरीत दोन्ही. गुरुवारी दहाला दफन होतंच, फक्त माणूस वेगळा. ती लवकर निघाली, कारण शवपेटी उचलायला चार शेजारी लागतात आणि खाणीवर शेजारी म्हणजे ती एकटी. बाकीचे तिला दारोदार जाऊन मिळवायचे होते.

बातमी तिच्या आधी पोचली होती. पहिलं दार उघडलं तेच हसत.

"या, या. आज कोण उठलं?"

"चूक झाली," ती म्हणाली. "गेले ते दुसरे आन्सेल्म लब्रतों. खाणीवरचे."

"अरेच्चा, तो होय. मग ठीक आहे."

आणि तो माणूस आत जाऊन पेला भरून घेऊन आला, कारण उपमेयर वाचले ही आनंदाची बातमी होती. लेओंतिनने पेला घेतला. ती हसलीसुद्धा. दुसऱ्या दारातही हसली. तिला वाटलं होतं की लोक तिला बोल लावतील, इतकी वर्षं केलेलं काम गेलं असं सांगतील. त्याऐवजी लोक तिच्या पाठीवर थाप मारत होते. ते इतकं बरं वाटलं की आपण कशासाठी आलोय हे ती दोन दारं होईपर्यंत विसरली.

तिसऱ्या दारात तिला जाणवलं. तिने सगळं नियमाने म्हटलं: नाव, गुरुवारी दहाला, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. घरमालक टोपी काढून म्हणाला, "ऐकलं."

ती थांबून राहिली.

"ऐकलं म्हटलं ना," तो म्हणाला. "आणखी काय?"

तिने मागच्या दोन दारांची उत्तरं आठवून बघितली. तिथेही "येतो" आलं नव्हतं. पुढच्या कोणत्याही दारात आलं नाही. उशिराच्यांच्या घरात काळे कोट इस्त्रीसाठी बाहेर काढून ठेवले होते, ते तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा कपाटात गेले. "आता नकोत गं," बाई म्हणाली, "तुझं काम वाचलं." ओलेमोजेंच्या म्हातारीने विचारलं, "कुठला म्हणालीस?"

"खाणीवरचा."

"तो आपल्यातला नाही. तो बाहेरून आलेला लब्रतों."

"सगळेच लब्रतों बाहेरून आलेले," लेओंतिन म्हणाली. असलं काही बोलायची तिला सवय नव्हती.

"तुझे आले असतील," म्हातारी म्हणाली. "आमचे इथलेच."

मेयरांनी खेद व्यक्त केला. गुरुवारी त्यांची जिल्ह्याला बैठक होती; ती त्यांनी आधी रद्द केली होती, आता पुन्हा ठरवली. मग त्यांना एक आठवलं. "फुलांचं काय करायचं? फुलवाला परत घेणार नाही म्हणतो. पट्टी छापून झाली." थोडा विचार करून ते म्हणाले, "नाही तरी नाव तेच आहे."

अशा रीतीने गुरुवारी सकाळी व्होसिन्येच्या चर्चमध्ये खाणीवरच्या आन्सेल्मच्या पेटीवर फुलांची दोन चक्रं आली. गावात त्या वर्षी तसली फुलं कोणाला आली नव्हती. पांढरी लिली, मधून शेवंती, आणि सोनेरी अक्षरांची जांभळी पट्टी. दूध संघाच्या पट्टीवर लिहिलं होतं: आमच्या ज्येष्ठ सभासदास. त्या माणसाकडे गाय कधीच नव्हती.

लेओंतिन पहिल्या बाकावर बसली. तिच्यामागे चर्च रिकामं होतं, हे तिने आवाजावरून ओळखलं. फादरांचा शब्द भिंतीपर्यंत जाऊन परत येत होता. ती एकदाही मागे वळली नाही. पट्टीवरची अक्षरं तेवढी ती वाचत राहिली. पेटी उचलायची वेळ आली तेव्हा घंटा वाजवणारा पुढे झाला, कबर खणणारा झाला, शववाहिनीचा ड्रायव्हर झाला. फादर चौथ्यासाठी थांबले. मग मागच्या बाकाचा आवाज झाला, कोणीतरी चालत आलं आणि पेटी उचलली गेली. चौथा कोण, हे पाहायला लेओंतिनने मान वर केली नाही. "मला वाटलं, कोणाच्याही तोंडाकडे बघितलं तर त्याला माझं तोंड दिसेल," ती सांगायची.

त्यानंतर तिने सांगाव्याचं काम सोडलं. कोणी तिला सोड म्हटलं नव्हतं, उलट नाताळच्या सुमाराला उशिराच्यांकडचं माणूस गेलं तेव्हा ते तिला बोलवायला आले. तिने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. पुढे बेकरीच्या दारावर कागद लागायला लागला, वर्तमानपत्रात चौकट यायला लागली. चौकटीत घराचं नाव लिहिता येत नाही, त्यामुळे कुठला लब्रतों गेला हे कळायला लोकांना बेकरीत जाऊन विचारावं लागे.

मळ्यावरच्या आन्सेल्मने आपल्या मरणाची गोष्ट कॅफेत इतक्यांदा सांगितली की ती त्याच्या मालकीची झाली. त्या गोष्टीत दुसरा आन्सेल्म शेवटी एका वाक्यात यायचा, आणि आता त्याला नाव मिळालं होतं: खोटा आन्सेल्म. कोणी वाईट हेतूने ठेवलं नव्हतं. लेओंतिनसमोर मात्र ते कोणी म्हणत नसे, जणू तो तिच्या घरातला होता. तिला ते कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर तिने कॅफेवाल्याचे कपडे इस्त्रीला घेणं बंद केलं.

सहा वर्षांनी, मार्चमध्ये, मळ्यावरचा आन्सेल्म लब्रतों खरोखर मेला. झोपेत, स्वतःच्या घरी. सकाळी रेजी लेओंतिनच्या दारात आला. तोवर मळा त्याच्याकडे आला होता, कानांवर एखाददुसरा पांढरा केस दिसायला लागला होता. टोपी हातात धरून तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मादाम लेओंतिन, बाबा गेले. शुक्रवारी दहाला आहे. आईची इच्छा आहे की सांगावा तुम्हीच द्यावा. जुन्या पद्धतीने."

लेओंतिनने त्याच्याकडे बघितलं आणि तिला मळा दिसला; ट्रॅक्टर, उघडलेल्या सायडरच्या बाटल्या, कॅफेतलं हसणं दिसलं. तिच्याकडे एक वाक्य तयार होतं. सहा वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं, इस्त्री करता करता मनातल्या मनात म्हणून बघितलं होतं.

"त्यांचा सांगावा मी दिलेला आहे," ती म्हणाली. "एकेका दारात. एका माणसाचा दोनदा देत नाहीत."

 रेजीने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्हाला असं वाटणं बरोबर आहे. आमच्या घरातून त्या दिवशी कोणी यायला हवं होतं, तसं कोणी आलं नाही. मी आलो होतो, पण ते कोणाला सांगून आलो नव्हतो."

"कुठे आला होतास?"

"चर्चमध्ये. पेटीची पायाकडची उजवी बाजू माझ्याकडे होती."

लेओंतिनने दाराची चौकट धरली. ते तयार वाक्य तिने त्या एकाच माणसाला ऐकवलं होतं, ज्याला ते लागू नव्हतं. पुन्हा तेच झालं होतं. समोर आन्सेल्म लब्रतोंचा मुलगा उभा होता आणि कुठला मुलगा हे तिने बघितलं नव्हतं. घर बघितलं होतं. पहिल्या वेळेला निदान क्लारिसचा अर्धा निरोप होता, फोन होता. या वेळेला तो स्वतः, हातभर अंतरावर, दिवसाउजेडी उभा होता.

"आत ये," ती म्हणाली.

"नको, चिखलाचे पाय आहेत."

"आत ये म्हणते ना."

तो आत आला. तिने त्याला कॉफी दिली.  भिंतीला कुऱ्हाड टेकवलेली होती, पातं तेल लावून पुसलेलं. ती कोणाची हे त्याने विचारलं नाही.

तो गेल्यावर तिने पेटीतून काळी शाल काढली. गुडघे आता खरंच दुखत होते, त्यामुळे फेरीला जवळजवळ सगळा दिवस लागला. प्रत्येक दारात तिने पेराने ठोठावलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आन्सेल्म लब्रतों गेले."

"दगडलोणी?" लोक सवयीने विचारायचे.

"रेजीचे वडील," ती म्हणायची. "शुक्रवारी दहाला."

लोकांना ते विचित्र वाटलं. काहींना ती म्हातारी झाल्यासारखी वाटली. पण सगळे म्हणाले, "ऐकलं. येतो," आणि पुढे शुक्रवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

फेरीच्या शेवटी मळ्याचं फाटक आलं. तिथून मान खाली घालून पुढे जायचं असतं. लेओंतिन फाटकातून आत गेली, आवार ओलांडून दारापर्यंत पोचली आणि तिने पेराने ठोठावलं. दार रेजीने उघडलं. तिला बघून तो बाजूला झाला, पण ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिने सांगावा सुरू केला. आन्सेल्म लब्रतों गेले, शुक्रवारी दहाला, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.  आतून उलालीने विचारलं, कोण आहे रे?  रेजीच्या डोक्यावर टोपी नव्हती, तरी त्याचा हात एकदा तिकडे गेला.

"ऐकलं," तो म्हणाला. "येतो."

त्यात सकाळच्या बोलण्याची माफी होती, की ते नुसतं दारात म्हणायचं उत्तर होतं, हे तिला ठरवता आलं नाही. ती परत निघाली. अंधार पडायच्या आत तिला खाणीच्या वाटेवर पोचायचं होतं.